जीर्ण फुप्फुसविकारात मातापित्यांची शुश्रूषा

वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेचा विचार बहुधा कर्तव्याच्या दृष्टीने केला जातो. ती शुश्रूषा कशी असावी, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतो. जीर्ण फुप्फुसविकाराच्या प्रगत अवस्थेत ही उपेक्षा फार महाग पडते; कारण येथे सद्भावनेने केलेले साहाय्यही अपायकारक ठरू शकते. ते का, हे समजण्यासाठी प्रथम विकाराचे स्वरूप ध्यानात घेणे इष्ट होय.

सीओपीडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकारात श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात आणि फुप्फुसाची स्थितिस्थापकता घटते. धूम्रपान हे त्याचे सर्वपरिचित कारण. परंतु विडीला कधीही न शिवलेल्या, मात्र चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियांनाही तो जडतो. रोग्याची मुख्य अडचण श्वास घेण्याची नसून सोडण्याची असते. आतील हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागल्याने हवा छातीत साचत जाते, आणि आधीच फुगलेल्या छातीत नवी हवा घेणे अधिकाधिक कष्टाचे होते. भीतीने श्वसनाचा वेग वाढला की श्वास सोडण्यास मिळणारा अवधी आणखी कमी होतो. अशा रीतीने धापेतून भीती व भीतीतून धाप असे चक्र सुरू होते.

या चक्रात घरातील माणसे नकळत भर घालतात. धाप लागलेल्या आईला घाबऱ्या स्वरात ‘मोठा श्वास घे’ असे सांगणे, हे वरील विवेचन पाहता नेमके उलट होय. ओठांचा चंबू करून, श्वास घेण्यास लागतो त्याच्या सुमारे दुप्पट वेळ घेऊन तो सावकाश सोडणे, हीच योग्य सूचना. पुढे झुकून, कोपरे गुडघ्यांवर वा मेजावर टेकून बसल्याने श्वसनाच्या स्नायूंना आधार मिळतो. चेहऱ्यावर पंख्याची झुळूक घेतल्यानेही धापेची जाणीव पुष्कळांत कमी होते. शुश्रूषा करणाऱ्याचा शांत स्वर हा येथे केवळ सौजन्याचा भाग नसून उपचाराचाच एक अंश ठरतो.

प्राणवायूविषयीही असाच गैरसमज आढळतो. १९८० साली अमेरिकेत व १९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांवरून, रक्तातील प्राणवायू तीव्र प्रमाणात घटलेल्या रोग्यांना तो दररोज दीर्घकाळ दिल्यास त्यांचे आयुष्य वाढते, हे सिद्ध झाले. ब्रिटिश चाचणीत हा काळ किमान १५ तासांचा होता. मात्र मध्यम घट असलेल्या रोग्यांना तसा लाभ २०१६ च्या अमेरिकी चाचणीत दिसला नाही. तात्पर्य, प्राणवायू हे रक्तातील न्यूनतेवरील औषध आहे. प्रत्येक धापेवरील नव्हे. धाप वाढताच यंत्राचा प्रवाह आपल्या मनाने वाढविल्यास काही रोग्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. म्हणूनच विकार बळावला असता रक्ताची प्राणवायू-संपृक्तता सामान्यतः ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. यंत्राजवळ निरांजन, उदबत्ती वा शेगडी नसावी, हेही सांगणे अगत्याचे आहे. कारण प्राणवायूच्या सान्निध्यात आग झपाट्याने भडकते.

तिसरा धोका अतिसेवेचा. वडिलांना अंथरुणावरून उठूच न दिल्यास त्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि पुढे अल्पशा श्रमानेही धाप लागते. अर्थात सर्वच श्रम सारखे नव्हेत. दोरीवर कपडे वाळत घालणे किंवा केस विंचरणे यांत हात वर धरावे लागतात, आणि श्वसनास साहाय्य करणारे खांद्याचे स्नायू त्यात गुंततात. अशी कामे इतरांनी करावीत. स्नान बसून व्हावे. पोट तुडुंब भरल्याने श्वासपटलाच्या हालचालीस अडथळा येतो, म्हणून आहार थोडाथोडा असावा. परंतु घरातल्या घरात चालणे, भाजी निवडणे, आपला चहा आपण घेणे ही कामे रोग्याकडेच राहू द्यावीत. त्यांत शरीराचे बळ टिकते व स्वाभिमानही टिकतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. हा विकार संथपणे उतरत जातो आणि मधूनमधून एकाएकी बळावतो. अशी कोणती वेळ अखेरची ठरेल, हे निश्चित सांगता येत नाही. कृत्रिम श्वसनयंत्राचा स्वीकार करावा की नाही, अखेरचे दिवस घरी काढावेत की रुग्णालयात, हे बोलणे घरोघरी अभद्र मानून टाळले जाते. परिणामी तो निर्णय मध्यरात्री रुग्णालयाच्या दाराशी, रोगी बोलू शकत नसताना, एकट्या अपत्यावर येऊन पडतो, आणि त्याचा सल पुढे वर्षानुवर्षे राहतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली, आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. तथापि कागदापूर्वी संवाद हवा, आणि तो प्रकृती स्थिर असतानाच व्हावयास हवा.

सारांश, या विकारात साहाय्याचे मूल्य त्याच्या विपुलतेवर नव्हे, तर प्रमाणावर व वेळेवर अवलंबून असते. अपत्याने किती केले याबरोबरच, मातापित्यांना स्वतः किती करू दिले व त्यांना काय हवे हे वेळीच विचारले की नाही, यावरूनही शुश्रूषेची पारख व्हावी.