चित्राची खरी साक्ष

चित्र काढणे ही एक कला आहे. काढलेले चित्र दूरच्या परीक्षकापुढे जसेच्या तसे पोहोचविणे ही दुसरी. पहिलीचे शिक्षण शाळेत चित्रकलेच्या तासाला मिळते. दुसरीची गरज पूर्वी फारशी भासत नसे, कारण विद्यार्थी आपल्या चित्रांची गुंडाळी काखेत धरून स्वतःच परीक्षकासमोर उभा राहत असे. रंग कुठे फिका वाटला, तर परीक्षक तो कागद खिडकीशी नेऊन निरखून पाहू शकत असे. आता अनेक ठिकाणी कागद घरीच राहतो आणि त्याची प्रतिमा तेवढी संगणकाच्या पडद्यावर परीक्षकापुढे जाते. ती प्रतिमा हीच विद्यार्थ्याची साक्षीदार होय. साक्षीदार अडखळला, तर खरी बाजूही हरते.

या बदलाचा लाभ मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांना अधिक आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी 1927 साली इंदूरला चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार तिथे घडले. तथापि शासकीय पदविकेसाठी बेंद्र्यांना मुंबईच्या परीक्षेकडेच पाहावे लागले, आणि ती पदविका त्यांनी 1933 साली मिळविली. बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्यालाही मुंबई अशीच दूर. चित्रे दाखवावयास जायचे म्हणजे गाडीभाडे, मुक्कामाचा खर्च आणि सोबत येणाऱ्या पालकाचा बुडालेला रोजगार. यंत्रमागावर काम करणाऱ्या घराला हा भार लहान नाही. घरबसल्या चित्रे पाठविता आली, तर एक मोठी अडचण दूर होते. पण प्रतिमाच वाईट गेली, तर तिच्या जागी दुसरी आणि अधिक फसवी अडचण उभी राहते. चित्र नापसंत झाले की त्याचे छायाचित्र नापसंत झाले, हे मुलाला कधीच कळत नाही.

चित्रे अशी दूरवरून पाठविण्याची रीत आता अपवादात्मक राहिलेली नाही. शालेय विद्यार्थ्यांसाठी 2015 साली सुरू झालेला राष्ट्रीय कला उत्सव 2020 च्या साथीमुळे दूरस्थ पद्धतीने योजावा लागला व जानेवारी 2021 मध्ये पार पडला. द्विमितीय आणि त्रिमितीय दृश्यकलाही त्यात होत्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील जी मुले हायस्कुलात कॉलेज बोर्डाचा चित्रकलेचा प्रगत अभ्यासक्रम घेतात, त्यांना एकाच प्रश्नाचा सातत्याने घेतलेला शोध दाखविणाऱ्या 15 प्रतिमा आणि त्याखेरीज 5 निवडक कृती सादर कराव्या लागतात. अशा संग्रहाला पोर्टफोलिओ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. पोर्टफोलिओ म्हणजे सगळ्या चित्रांचा गठ्ठा नव्हे. विद्यार्थ्याची दृष्टी आणि त्याची वाटचाल दाखविणारी ती निवड असते.

चित्राची प्रतिकृती करून ती दूर पाठविण्याचा जुना आणि मोठा प्रयोग बऱ्हाणपूरपासून फार लांब घडलेला नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम 1844 साली रॉबर्ट गिल या सेनाधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. अनेक वर्षे खपून त्याने मोठाल्या नकला रंगविल्या व त्या लंडनला गेल्या. 1866 साली तेथील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा नकला केल्या. त्यांतील कित्येक 1885 साली लंडनमधीलच दुसऱ्या आगीत नष्ट झाल्या. गिलने अजिंठ्याची छायाचित्रेही घेतली होती. ती टिकली, परंतु त्या काळच्या छायाचित्राला रंग ठाऊक नव्हता. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

या हकिकतीतून दोन धडे मिळतात. एकुलती एक प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, हा पहिला. छायाचित्र टिकते, पण ते सगळेच सांगते असे नाही. त्याच्याकडून काय सुटते हे आधी ओळखावे लागते, हा दुसरा. आजच्या मोबाइललाही हे दोन्ही धडे लागू पडतात.

छायाचित्रातून प्रथम सुटते ते प्रकाशाचे खरेपण. भर उन्हात चित्र धरले की कागद पांढराफेक पडतो आणि पेन्सिलीच्या हलक्या छटा नाहीशा होतात. घरात दिव्याखाली धरले, तर पिवळट झाक येते आणि मोबाइल धरणाऱ्या हाताची सावली चित्रावर पडते. फ्लॅश वापरला, तर शिशाची रेघ व तैलरंग मध्येच चकाकू लागतात. म्हणून दिवसाचा मोकळा, पण थेट उन्हाचा नव्हे, असा प्रकाश निवडावा. पडवी अथवा मोठी खिडकी यासाठी उत्तम. चित्रकार परंपरेने उत्तरेचा प्रकाश पसंत करतात. येथे बऱ्हाणपूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या पडवीत ऊन शिरते. प्रवेशाची धांदल नेमकी याच दिवसांत असते. अशा वेळी ढगाळ प्रहर गाठावा किंवा उन्हाआड पांढरी चादर लावावी. दिवसाचा उजेड घेताना घरातील दिवे मालवावेत, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की कोणताच रंग खरा राहत नाही. जवळची भिंत हिरवी वा निळी असेल, तर तिचीही झाक कागदावर उतरते.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे चित्राचा आकार. मोबाइल जरा तिरपा धरला की आयताचा चौकोन कसातरी होतो, आणि शाही किल्ल्याची सरळ काढलेली भिंत कललेली दिसते. दोष हाताचा, पण परीक्षक तो रेखाटनाचा समजतो. यावर उपाय सोपा आहे. चित्र फळ्याला चिमट्यांनी उभे लावावे, मोबाइल त्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर आणि कागदाला समांतर धरावा. अगदी जवळ जाऊ नये. जवळून घेतलेल्या छायाचित्रात कडा फुगतात. दोन पावले मागे सरून चित्र चौकटीत बसवावे. मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकविला आणि काही सेकंदांनी आपोआप छायाचित्र घेण्याची सोय वापरली, तर हात हलण्याचा प्रश्नच उरत नाही. जलरंगाने कागद वर आला असेल, तर तो आदल्या रात्री दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जड पुस्तकांखाली ठेवावा. काचेच्या चौकटीतील चित्र काच काढूनच टिपावे. मातीच्या वा लाकडाच्या कृतीची गोष्ट निराळी. तिला एका बाजूने येणारा उजेड हवा, पार्श्वभूमी साधी हवी आणि दोन-तीन बाजूंनी घेतलेली छायाचित्रे हवीत. एरवी तिची खोली कळत नाही.

मोबाइल की स्कॅनर, हा प्रश्न नेहमी पडतो. ए-फोर आकाराच्या कागदासाठी स्कॅनर चांगला. इंचाला 300 बिंदू या मापाने त्यातून 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख बिंदूंची प्रतिमा मिळते, आणि ती भरपूर होते. परंतु वर्गात वापरला जाणारा पाव इंपीरियल कागद 15 बाय 11 इंचांचा असतो; तो या स्कॅनरवर मावत नाही. तिथे मोबाइलच घ्यावा. 12 मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलने चौकट भरून टिपल्यास दर इंचाला सुमारे अडीचशे बिंदू येतात. तात्पर्य, महागड्या यंत्रावाचून अडत नाही. अडते ते घाईमुळे.

प्रतिमा चांगली घेतल्यावर ती वाटेत बिघडू नये, हेही पाहावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रतिमा आकुंचन पावते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठविली तर मूळ स्वरूपात जाते. जेपेग फाइल पुनःपुन्हा बदलून साठविली की दर वेळी थोडी खराब होते. म्हणून मूळ प्रतिमा अस्पर्श ठेवावी आणि काटछाट तिच्या नकलेवर करावी. गिलच्या नकलांचे स्मरण ठेवून मूळ फाइलींची एक प्रत मोबाइलवर, तर दुसरी शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर असावी. संस्थेने फाइलचा प्रकार, कमाल आकार आणि चित्रांची संख्या काय सांगितली आहे, हे चित्रे टिपण्यापूर्वीच वाचून घ्यावे. प्रत्येक फाइलला अनुक्रमांक व विद्यार्थ्याचे नाव द्यावे. नावे मागविली नसतील, तर मात्र नाव कुठेही दिसू देऊ नये. चित्राचे शीर्षक, माध्यम, सेंटिमीटरमधील माप आणि वर्ष यांची यादी आधीच तयार असावी. पडद्यावर मोठे चित्र आणि लहान चित्र सारखेच दिसते. मापाची ती एक ओळच फरक सांगते.

निवडीत शिक्षकाची कसोटी लागते. विद्यार्थ्याला बहुधा सर्वांत घोटलेले, सर्वांत रंगीत चित्र प्रिय असते. परीक्षकाला पाहावयाचे असते ते त्याचे निरीक्षण. प्रसिद्ध चित्रावरून केलेल्या नकलेपेक्षा राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून केलेले रेखाटन, मागावर वाकलेल्या माणसाचा अभ्यास, केळीच्या पानांच्या घड्या किंवा जामा मशिदीच्या कमानींची ओळ अधिक बोलते. कच्च्या वहीतील एखाददुसरे पानही त्यात असावे. विचार कसा पुढे सरकला, ते त्यावरून समजते. निवड विद्यार्थ्याने करावी, शिक्षकाने प्रश्न विचारावेत. शिक्षकाने निवडलेला संग्रह हा शिक्षकाचाच पोर्टफोलिओ होतो.

याच ठिकाणी प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. मोबाइल आपण होऊन रंग भडक करतो; ती सोय बंद करावी. कडा कापणे, तिरपेपणा काढणे, मूळ कागदाइतकाच उजळपणा आणणे हे योग्यच आहे. त्यात केवळ छायाचित्राचा दोष दूर होतो. पण चुकलेली रेघ पुसणे, फिका रंग गडद करणे म्हणजे चित्राचा दोष झाकणे होय. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र सुधारून देणारी साधने आता मुलांच्या हातात आहेत. वर उल्लेखिलेल्या कॉलेज बोर्डाने कलेच्या विषयात निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर त्यांचा वापर निषिद्ध ठरविला आहे. नियमाचे भय बाजूला ठेवले तरी व्यवहार हेच सांगतो. कारण पुढच्या फेरीत प्रत्यक्ष बसून चित्र काढावयास सांगितले, की उसना हात सोबत येत नाही.

शिक्षकाने करावयाची मदत वाटते तेवढी अवघड नाही. पुष्कळ घरांत एकच मोबाइल असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. शाळेने आठवड्यातील एक सकाळ ठरवून पडवीत फळा, चिमटे आणि एक बरा मोबाइल मांडला, तर तासाभरात अनेकांची चित्रे टिपून होतात. अर्ज मात्र विद्यार्थ्याच्या अथवा पालकाच्या ई-मेल पत्त्याने आणि त्यांच्याच मोबाइल क्रमांकाने भरावा. शिक्षकाचा क्रमांक दिला, तर पुढील सूचना व सांकेतिक अंक शिक्षकाकडे जातात आणि सुटीच्या दिवसांत मूल अडून बसते. शेवटच्या दिवसाची वाटही पाहू नये. वीज जाणे, जाळे मंदावणे या गोष्टी त्याच दिवशी घडतात. अर्ज पोहोचल्याची पावती जपून ठेवावी.

आणि पाठविण्याचे बटण दाबण्यापूर्वी एक परीक्षा घरीच घ्यावी. तयार फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडावी, मूळ चित्र शेजारी धरावे आणि ज्याने ते चित्र कधी पाहिले नाही अशा माणसाला दोन्ही दाखवावीत. दोन्ही एकच आहेत असे तो सहज म्हणाला, तर फाइल निर्धास्तपणे पाठवावी. क्षणभर घुटमळला, तर पुन्हा पडवीत जावे.