भारतातील प्रसारमाध्यमांचा विस्तार आणि प्रादेशिक आर्थिक विषमता

भारतातील प्रसारमाध्यमांचा विस्तार आणि आर्थिक विकास हे दोन्ही प्रदेशागणिक असमान आहेत. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, दूरध्वनी व आंतरजाल यांचा प्रसार साक्षरता, दरडोई उत्पन्न, वीजपुरवठा, दळणवळण आणि जाहिरातींची बाजारपेठ यांवर अवलंबून असतो. उलटपक्षी, माहितीच्या उपलब्धतेचा परिणाम बाजारभाव, शासकीय मदत आणि लोकांची मागणी मांडण्याची क्षमता यांवर होतो. त्यामुळे एकाच देशातील केरळ आणि बिहार यांसारख्या राज्यांमध्ये माध्यमांची स्थिती अत्यंत भिन्न आढळते. हा संबंध सरळ रेषेतला नाही. काही तुलनेने संपन्न राज्ये माध्यमांच्या वापरात मागे आहेत, तर काही ठिकाणी उत्पन्न कमी असतानाही वाचनसंस्कृती रुजलेली दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील मुद्रित वृत्तपत्रांचा उगम बंदरांच्या शहरांत झाला. जेम्स ऑगस्टस हिकी याचे 'बंगाल गॅझेट' १७८० मध्ये कोलकात्यात निघाले. मुंबईत १८२२ मध्ये गुजराती 'मुंबई समाचार' आणि १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. व्यापार, छापखाने, इंग्रजी शिक्षण आणि न्यायालये जिथे एकवटली होती तिथेच वृत्तपत्रेही उभी राहिली.

पहिले हिंदी वृत्तपत्र मानले जाणारे 'उदंत मार्तंड' हेदेखील हिंदीभाषक प्रदेशात निघाले नाही. ते १८२६ मध्ये कोलकात्यातून प्रसिद्ध झाले. त्याचा संभाव्य वाचक दूर उत्तरेत होता, टपालखर्च परवडणारा नव्हता आणि टपालदरात सवलत मिळाली नाही. परिणामी डिसेंबर १८२७ मध्ये ते बंद पडले. वाचक आणि छापखाना यांतील हे अंतर पुढेही दीर्घकाळ टिकून राहिले.

स्वातंत्र्यानंतर आर्थिक धोरणांचाही प्रादेशिक समतोलावर परिणाम झाला. १९५० च्या दशकात लागू झालेल्या मालवाहतूक भाडे समानीकरणाच्या धोरणामुळे पोलाद व कोळसा यांसारखा माल देशभर जवळपास समान दराने मिळू लागला. खनिजसंपन्न बिहार, ओडिशा व मध्य प्रदेश यांचा नैसर्गिक लाभ त्यामुळे कमी झाला आणि किनारी औद्योगिक राज्यांना फायदा झाला, अशी टीका अर्थतज्ज्ञांनी केली आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण मागे घेण्यात आले. १९९१ च्या उदारीकरणानंतर खासगी गुंतवणूक प्रामुख्याने पश्चिम व दक्षिण भारताकडे वळली.

साक्षरता आणि वृत्तपत्रे

२०११ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के, केरळची ९४ टक्के आणि बिहारची सुमारे ६२ टक्के होती. केरळमध्ये 'मलयाळ मनोरमा' आणि 'मातृभूमी' (१९२३) या दैनिकांना मोठा वाचकवर्ग लाभला. शाळा, ग्रंथालये, सामाजिक सुधारणा चळवळी आणि राजकीय पक्षांची स्पर्धा यांचा त्यात वाटा होता. उत्पन्न वाढण्याच्या आधीच तेथे वाचक घडला होता.

१९७० च्या दशकानंतर भारतीय भाषांतील वृत्तपत्रांचा वेगाने विस्तार झाला. १९७९ मध्ये हिंदी दैनिकांचा एकूण खप इंग्रजी दैनिकांहून अधिक झाला. १९७४ मध्ये विशाखापट्टणम येथे सुरू झालेल्या तेलुगू 'ईनाडू'ने पुढे जिल्हावार आवृत्त्यांचा प्रयोग केला. ऑफसेट मुद्रण, सुधारलेले रस्ते आणि ग्रामीण ग्राहकाचा शोध घेणारे जाहिरातदार ही या वाढीची कारणे होती. रॉबिन जेफ्री यांच्या 'इंडियाज न्यूजपेपर रेव्होल्यूशन' (२०००) या ग्रंथात या प्रक्रियेचा अभ्यास आहे. जाहिरातींचे उत्पन्न क्रयशक्तीच्या मागे जात असल्याने गरीब जिल्ह्यांना वार्ताहरांचे जाळे तुलनेने उशिरा व अपुरे मिळाले.

दूरचित्रवाणी

दूरदर्शनचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र १९७२ मध्ये उघडले. शहरांबाहेर पोहोचण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे 'साइट' हा उपग्रह शैक्षणिक प्रयोग होय. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. मागास भाग हेतुपुरस्सर निवडले होते. मात्र उपग्रह उपलब्ध असण्याचा काळ एका वर्षापुरता मर्यादित होता.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४७ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता. तमिळनाडूत हे प्रमाण सुमारे ८७ टक्के, तर बिहारमध्ये १४.५ टक्के होते. प्रकाशासाठी वीज वापरणारी कुटुंबे बिहारमध्ये केवळ १६.४ टक्के होती, हे यामागील एक स्पष्ट कारण आहे. तमिळनाडूतील प्रमाणाला २००६ नंतर राज्य शासनाने केलेल्या मोफत संचवाटपाचाही हातभार लागला.

शासनाचे उत्तरदायित्व

लोकशाही व मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी टाळण्याची शासनाला निकड वाटते, असे प्रतिपादन अमर्त्य सेन यांनी केले आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कोलकात्याच्या 'स्टेट्समन'ने ऑगस्टमध्ये उपासमारीची छायाचित्रे छापल्यानंतर त्या संकटाकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातील भारताच्या १६ प्रमुख राज्यांची आकडेवारी अभ्यासली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, जेथे वृत्तपत्रांचा खप अधिक होता, तेथील राज्य शासनांनी धान्योत्पादनातील घट व पुरामुळे झालेले नुकसान यांना अन्नवितरण व मदतीच्या रूपाने अधिक प्रतिसाद दिला. हा परिणाम विशेषतः स्थानिक भाषांतील वृत्तपत्रांमुळे दिसून आला. अचानक ओढवलेली आपत्ती बातमी ठरते. कुपोषणासारखे संथ व नित्याचे संकट मात्र सहसा दुर्लक्षित राहते, ही मर्यादाही सेन यांनी नोंदवली आहे.

बाजारपेठेची माहिती

केरळच्या कासारगोड, कण्णूर व कोळिकोड जिल्ह्यांत १९९७ ते २००१ दरम्यान भ्रमणध्वनी सेवा पोहोचली. समुद्रात असतानाच निरनिराळ्या बंदरांवरील भाव कळू लागल्याने मच्छीमार मासळी कोठे उतरवायची हे ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार बंदरांमधील भावांची तफावत घटली, विक्रीअभावी मासळी वाया जाणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांसाठीचा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला.

महाराष्ट्रातील स्थिती

विषमता राज्यांतर्गतही आढळते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद असून ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली. त्यापूर्वी दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक अनुशेषाचे मोजमाप केले होते. मराठी वृत्तपत्रसृष्टीवर मुंबई व पुण्याचा प्रभाव असला, तरी नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) आणि अकोला येथूनही दैनिके निघत आली आहेत. 'लोकमत' हे दैनिक १९७१ मध्ये नागपुरातून सुरू झाले आणि नंतर राज्यभर पसरले.

आंतरजाल व पर्यायी माध्यमे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ३३ टक्के स्त्रियांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी आंतरजाल वापरल्याचे सांगितले. स्त्रियांमधील हे प्रमाण सिक्कीममध्ये ७६.७, गोव्यात ७३.७ आणि बिहारमध्ये २०.६ टक्के होते. दरडोई उत्पन्नात बिहारच्या बऱ्याच पुढे असलेल्या आंध्र प्रदेशातही ते केवळ २१ टक्के होते. उत्पन्न वाढले तरी लिंगभेद व शिक्षणातील दरी आपोआप भरून निघत नाही, हे यावरून दिसते.

मुख्य प्रवाहातील माध्यमांची उणीव काही स्थानिक उपक्रमांनी अंशतः भरून काढली आहे. बुंदेलखंडातील चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले 'खबर लहरिया' सुरू झाले. तेलंगणातील 'संगम रेडिओ' (२००८) दलित स्त्रिया चालवतात. छत्तीसगडमधील 'सीजीनेट स्वर' या २०१० मध्ये सुरू झालेल्या सेवेत साध्या दूरध्वनीवरून गोंडीसह स्थानिक भाषांत बातम्या व तक्रारी नोंदवता येतात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही आपले म्हणणे अशा रीतीने मांडता येते.