माळवदाची डागडुजी : माती टाकण्यापूर्वी माती काढा

वैशाख सरत आला आणि वळवाचे ढग दिसू लागले, म्हणजे मराठवाडा व सोलापूरकडील शेतकऱ्याला शेताच्या मशागतीबरोबरच आणखी एका कामाची आठवण होते. ते काम म्हणजे माळवदावर माती टाकण्याचे. खानदेशात व वऱ्हाडात अशाच सपाट मातीच्या छपराला धाबे म्हणतात. तुळयांवर लाकडी दांड्या, त्यांवर काड्यांचा थर आणि त्यावर गावच्या पांढरीची चोपलेली माती, अशी याची साधी रचना असते. उन्हाळ्यात हे छप्पर खोली थंड ठेवते, त्यावर धान्य वाळवता येते, आणि त्याला लागणारी माती, लाकूड व काड्या गावातच मिळतात. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ते टिकून राहिले.

अनेक गावांत आज नवे घर सिमेंटचे झाले आहे आणि जुन्या माळवदाखाली ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, खताची पोती किंवा जनावरे आली आहेत. राहते घर नव्हे म्हणून या छपराकडे दुर्लक्ष होते. गळू लागले की वर चार पाट्या माती टाकावयाची आणि पावसाळा काढावयाचा, अशी रीत पडून जाते. ही रीत खर्चाची तर आहेच, परंतु जीवावर बेतणारीही आहे. ती कशी, आणि त्याऐवजी काय करावे व त्यास किती खर्च येतो, याचा विचार येथे केला आहे.

मातीचे ओझे किती?

एक घनमीटर कोरड्या, चोपलेल्या मातीचे वजन सुमारे १,६०० किलो भरते. तीच माती पावसाने भिजली की वजन १,९०० ते २,००० किलोपर्यंत जाते. आता ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद, म्हणजे सुमारे २० फूट बाय १० फूट छपराची एक खोली घेऊ. तिचे क्षेत्र १८ चौरस मीटर होते.

या छपरावर १५ सेंटिमीटर जाडीचा थर असेल, तर त्याचे वजन सुमारे ४.३ टन होते. दर वर्षी त्यावर दोन सेंटिमीटर माती पडली, तर प्रत्येक वर्षी पावणेसहाशे किलोंची भर पडते. पंधरा वर्षांत थर ४५ सेंटिमीटर होतो आणि कोरड्या मातीचेच वजन सुमारे १३ टन भरते. मृगाचा पाऊस लागून माती भिजली की ते १५ टनांच्या वर जाते. बैलगाडीत एक टन माल मावतो असे धरले, तर भरलेल्या पंधरा गाड्या त्या खोलीच्या डोक्यावर उभ्या आहेत असे समजावे. घर बांधणाऱ्या सुताराने तुळया निवडल्या त्या चार टनांचा अंदाज घेऊन. पंधरा टनांचा नव्हे.

ज्या भिंतींवर हे ओझे येते त्याही तपासून पाहाव्यात. पुष्कळ ठिकाणी भिंत दिसावयास दोन-अडीच फूट जाड असते, परंतु ती अखंड नसते. आतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर असतात आणि मधली जागा मातीने व बारीक दगडांनी भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नसतात. पाणी मुरून ही माती मऊ झाली की भिंतीला पोट येते आणि एके रात्री ती बसते.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याचे मान सुमारे ६.२ होते. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. माणसे झोपेत होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि माळवदावरील टनावारी माती व दगड त्यांच्या अंगावर आले.

मोठे हादरे पुन्हा केव्हा बसतील हे कोणी सांगू शकत नाही. परंतु हादरा बसतो तेव्हा छप्पर जितके जड, तितका भिंतीवर आडवा जोर अधिक, हा नियम निश्चित आहे. छपराचे वजन कमी करणे शेतकऱ्याच्या हातात आहे आणि त्याला फावड्यापलीकडे मोठी सामग्री लागत नाही. भूकंप नसला तरीही संततधारेत घर बसण्याचा धोका याच उपायाने कमी होतो.

गळतीचे खरे कारण

माळवद गळते ते माती कमी पडल्यामुळे, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक गळती उतार मोडल्याने, पन्हळ तुंबल्याने, गवताच्या मुळांनी व उंदरांच्या बिळांनी आणि साण्याच्या म्हणजे उजेडाच्या झरोक्याच्या कडा खचल्याने होते. काळी माती वापरली असल्यास ती उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली येते. वर नवी माती टाकल्याने भेग झाकते, पण बंद होत नाही. तुळई मात्र आणखी वाकते, तुळई वाकली की छपराच्या मध्यभागी खोलगट भाग होतो, तेथे पाणी साचते आणि गळती वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

याकरिता प्रथम थराची जाडी मोजावी. साण्याच्या कडेला ती सहज दिसते. साणे नसेल तेथे चार ठिकाणी लोखंडी गज खुपसून पाहावा. जाडी २० सेंटिमीटरपेक्षा अधिक आढळल्यास नवी माती टाकू नये.

पहिला मार्ग : माळवद उतरवून पुन्हा घालणे

लाकूड शाबूत असेल तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. काम पावसाळ्यापूर्वी निदान तीन आठवडे अगोदर हाती घ्यावे. खोलीतील माणसे, जनावरे व सामान बाहेर काढावे. मधल्या तुळयांना खालून टेकू द्यावेत. माती काढताना ती छपरावर एका जागी ढीग करून ठेवू नये. दोन्ही अंगांनी सारखी, थोडी थोडी काढून लगेच खाली उतरवावी आणि भिंतीला लागून रचू नये. एका वेळी दोघांपेक्षा अधिक माणसे वर चढू नयेत.

लाकूड उघडे झाल्यावर प्रत्येक तुळईचे भिंतीत गेलेले टोक टोच्याने टोचून पाहावे. ओल तेथेच धरते आणि वाळवीही तेथूनच शिरते. टोचा सहज आत गेला तर ती तुळई बदलावी. नवे लाकूड वाळलेले असावे आणि भिंतीत जाणाऱ्या टोकाला गरम डांबराचा हात द्यावा.

त्यानंतर काड्यांचा किंवा बांबूच्या चटईचा थर पसरून त्यावर चिखलाचा पहिला थर द्यावा. उतार याच थरात काढावा. वरच्या अंगाला ८ आणि पन्हळीच्या अंगाला २ सेंटिमीटर जाडी ठेवली की ३ मीटर रुंदीला ६ सेंटिमीटरचा उतार मिळतो. हा थर वाळल्यावर खडे वेचून काढावेत आणि त्यावर २५० मायक्रॉन जाडीचा काळा प्लास्टिकचा कागद अंथरावा. जोड द्यावा लागल्यास वरच्या अंगाचा कागद खालच्या कागदावर एक फूट चढवावा. कठड्याला व साण्याला कागद वर वळवून घ्यावा. प्लास्टिक उन्हात लवकर खराब होते, म्हणून त्यावर १० सेंटिमीटर मातीचा थर दोन वेळा घालून चोपावा. ही माती पांढरी असावी. तिच्यात बारीक भुसा मिसळून आठवडाभर भिजत व तुडवत ठेवावी. काळी माती मुळीच वापरू नये. अखेरीस शेण-मातीचा गिलावा द्यावा. पन्हळ भिंतीपासून निदान एक फूट बाहेर काढावी, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही.

अशा रीतीने केलेल्या माळवदाची सरासरी जाडी १५ सेंटिमीटर राहते. आपल्या उदाहरणातील खोलीवरून जवळजवळ नऊ टन ओझे कायमचे उतरते.

दुसरा मार्ग : पत्रे घालणे

लाकूड बरेच कुजले असेल तर लोखंडी चौकटीवर पत्रे घालणे सोयीचे पडते. चौकटीसह या छपराचे वजन चारशे किलोंच्या आत राहते. अवजारे व ट्रॅक्टर ठेवण्यास ते उत्तम होय. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट वाऱ्याची. माळवद आपल्या वजनाने जागेवर राही. पत्रा तसा राहात नाही. चौकट भिंतीवर नुसती टेकवू नये, तर भिंतीत निदान दोन फूट खोल काँक्रीटमध्ये बसविलेल्या सळयांना ती जखडावी. पत्र्यावर दगड ठेवणे हा उपाय नव्हे. वादळात तेच दगड माणसांच्या अंगावर येतात. दुसरी गोष्ट उन्हाची. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली जनावरांना त्रास होतो. तेथे जनावरे बांधावयाची असल्यास वर कडब्याचे किंवा पाचटाचे आच्छादन बांधून घालावे आणि भिंतीच्या माथ्याशी हवा खेळण्यास जागा ठेवावी.

तिसरा मार्ग : सिमेंटचा स्लॅब

पुष्कळांची ओढ स्लॅबकडे असते. पण १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब आपल्या खोलीवर घातला, तर त्याचे वजन सुमारे साडेपाच टन आणि वरील विटांच्या कोब्याचे तीन-साडेतीन टन भरते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर हे ओझे ठेवणे म्हणजे जुने संकट नव्या रूपात आणणे होय. स्लॅब घालावयाचा तर भिंतीही सिमेंटमध्ये व काँक्रीटच्या पट्ट्यांसह नव्याने बांधाव्यात आणि सळयांचा आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा.

खर्चाचा हिशेब

दर गावोगाव निराळे असतात. येथे उदाहरणादाखल मजुरी ६०० रुपये, गवंडी, सुतार किंवा जोडाऱ्याची मजुरी १,००० रुपये, सिमेंटचे पोते ४०० रुपये, सळई किलोला ६५ रुपये व चौकटीचे लोखंड किलोला ८० रुपये धरले आहे. इतर वस्तूंचेही दर अंदाजाने धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

माळवद पुन्हा घालणे : मजूर १२ दिवस ७,२०० रुपये, सुतार ३ दिवस ३,००० रुपये, बदलावयाचे लाकूड ४,००० रुपये, प्लास्टिक १,२०० रुपये, पन्हळी ६०० रुपये. एकूण १६,००० रुपये. घरची माणसे राबली तर मजुरीचा बराच भाग वाचतो.

पत्रे घालणे : माळवद उतरविण्यास मजूर ८ दिवस ४,८०० रुपये, पत्रे २४ चौरस मीटर १०,८०० रुपये, चौकटीचे लोखंड १४० किलो ११,२०० रुपये, जोडारी ३ दिवस ३,००० रुपये, सळया, बोल्ट व काँक्रीट २,२०० रुपये. एकूण ३२,००० रुपये. उतरविलेले चांगले लाकूड विकल्यास तेवढी रक्कम वजा होते.

स्लॅब घालणे : माळवद उतरविणे ४,८०० रुपये, सिमेंट २० पोती ८,००० रुपये, सळई १९० किलो १२,३५० रुपये, वाळू व खडी ५,६०० रुपये, फळ्या व टेकू ७,२०० रुपये, मजूर व गवंडी १०,००० रुपये, कोबा १२,६०० रुपये. एकूण सुमारे ६०,५०० रुपये. यात भिंतींचा खर्च धरलेला नाही. तो छपराहून अधिक होतो.

भिंतींकडेही पाहावे

ज्या ऋतूत छप्पर उतरवले, त्याच ऋतूत भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे आरपार ठोकळे बसवून घ्यावेत. कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठी १९९३ च्या भारतीय मानक १३८२८ मध्ये असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत दर १.२ मीटरला असावेत असे सांगितले आहे. तसेच ट्रॅक्टर आत यावा म्हणून माळवदाखालचा खांब कापणे किंवा भिंत फोडून दार रुंद करणे हे फार धोक्याचे आहे. खणाचा एक खांब गेला की त्याचे ओझे शेजारच्या तुळईवर पडते. ट्रॅक्टर दोन खांबांमधून येत नसेल तर त्यासाठी बाहेर निराळे पत्र्याचे छप्पर करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील जुन्या माळवदांची पाहणी करून ज्यांची माती एक फुटाहून अधिक जाड आहे त्यांची यादी करावी. नंतर एका शेतकऱ्याचे माळवद उतरविण्याचे प्रात्यक्षिक सर्वांसमक्ष करावे. काढलेली माती मोजून दाखवावी. आपल्या डोक्यावर इतके ओझे होते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर अधिक सांगावे लागत नाही. काढलेली माती बांधबंदिस्तीला उपयोगी पडते.

माळवद वाईट नाही. त्यावर साचत गेलेले ओझे वाईट आहे. यंदा छपरावर पहिली पाटी चढविण्यापूर्वी एवढे ठरवावे, की जितकी नवी माती टाकावयाची, निदान तितकी जुनी आधी उतरवावयाची. हा नेम पाळला तर पावसाच्या रात्री घरातील माणसे आणि गोठ्यातील जनावरे निर्धास्त झोपतील.