टेकडीसाठी काम करायचंय? आधी हे गैरसमज उपटून टाका

पहिला पाऊस पडला की पुण्याच्या टेकड्यांवर रोपं आणि कुदळी घेतलेले गट दिसू लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच टेकडी. तिच्यावर जीव लावणाऱ्यांची वानवा नाही. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्यांविरोधात पुणेकर मोठ्या संख्येनं मोर्चात उतरले होते. पण टेकडी वाचवणं आणि टेकडीला हवं ते करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी टेकडी शिकावी लागते. त्या शिक्षणात आडवे येणारे हे काही समज.

गैरसमज १ : उन्हाळ्यात पिवळी पडलेली टेकडी म्हणजे ओसाड जमीन.

वस्तुस्थिती : टेकडी काळ्या बेसॉल्टची आहे आणि माथ्यावर कित्येक ठिकाणी मातीचा थर वीतभरही नाही. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने कोरडे. अशा जागी मूळचा असतो तो गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली सालई, मोई, मेडशिंगी, हिवर, गणेर अशी पानझडी झाडं. पानं टाकून ती पाणी वाचवतात. गणेर तर पानं नसतानाच पिवळ्याधमक फुलांनी लगडतो. काळी मुसळी, फोडशी यांचे कंद जमिनीखाली जिवंत असतात आणि पहिल्या सरींनंतर वर येतात.

या समजाला सरकारी कागदांनीही खतपाणी घातलं. देशातल्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत माळरानं आणि झुडपी रानं सरसकट ‘पडीक’ या सदरात मोडतात. हे सगळं पूर्वी घनदाट जंगल होतं आणि माणसानं ते तोडलं, असंही ऐकू येतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात त्यांना हिवर, बाभळीसारखी उघड्या माळावरची झाडंच प्रामुख्यानं भेटली. माळ हा उजाड झालेल्या जंगलाचा अवशेष नाही. तो शतकानुशतकं माळच आहे.

गैरसमज २ : जितकी झाडं जास्त, तितकी टेकडी निरोगी.

वस्तुस्थिती : माळावरच्या गवताला भरपूर ऊन लागतं. तिथं दाट सावली झाली की कुसळी, पवन्या ही गवतं मागं हटतात आणि त्यांच्या आधारानं जगणारे चंडोल, तित्तीर, नाकतोडेही जातात. गवताची मुळं माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात. यंत्रानं खड्डे आणि चर खोदताना आपण हीच वीण उसवतो. शिवाय टेकडीचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथं परवानगीशिवाय खणता किंवा लावता येत नाही. लागवड करायचीच असेल, तर जिथं माती आहे आणि मूळचं रान तुटलेलं आहे तिथं, स्थानिक झाडांची, थोडी. मग दोन-तीन उन्हाळे त्यांची काळजी घ्यायची.

गैरसमज ३ : हिरवं दिसतंय ना, मग झाड कुठलंही चालेल.

वस्तुस्थिती : पुण्याच्या टेकड्यांवर सगळ्यात जास्त नजरेला पडणारं झाड म्हणजे गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी. ते मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. खडकाळ जमिनीत तगतं, भराभर वाढतं, म्हणून ते इथं मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. शेताच्या बांधावर त्याच्या पाल्याचं हिरवळीचं खत होतं, तिथं ते उपयोगी आहेच. टेकडीवर मात्र त्याच्या दाट रानाखाली गवत फारसं उरत नाही. सुबाभूळही मेक्सिकोकडचीच.

म्हणून उद्या कुऱ्हाड घेऊन जायचं का? तेही नाही. झाड तोडायला कायद्यानं परवानगी लागते, आणि एकदम मोकळी झालेली जागा घाणेरी बळकावते. टप्प्याटप्प्यानं विरळणी आणि मोकळ्या जागी स्थानिक झाडं, हा सावकाश मार्गच टिकतो.

गैरसमज ४ : टेकडी फुलांनी भरली, म्हणजे निसर्ग बहरला.

वस्तुस्थिती : पावसाळ्याच्या शेवटी ज्या केशरी-पिवळ्या ताटव्यांत फोटो काढले जातात, तो बहुतेकदा कॉसमॉस असतो. हाही मेक्सिकोचा, बागेतून सुटलेला. तो पसरला की खालची रानफुलं आणि गवत दबतं. गाजरगवताची भारतातली पहिली शास्त्रीय नोंद तर १९५६ मध्ये पुण्यातूनच झाली. आज ते देशभर आहे. स्वयंसेवकांसाठी सर्वांत उपयोगी काम इथंच आहे. बी धरण्यापूर्वी, माती ओली असताना, मुळासकट उपटायचं. गाजरगवताला हातमोजे आवश्यक, कारण अनेकांना त्याची ॲलर्जी होते. आणि दरवर्षी त्याच जागी परत जायचं, कारण जमिनीत बी शिल्लक असतं.

गैरसमज ५ : वणवा लागला की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं.

वस्तुस्थिती : मुळं जिवंत असल्यानं गवत पुन्हा फुटतं, एवढंच खरं. पण दरवर्षीच्या आगीत झाडांची रोपं मोठी होण्याआधीच जळतात, टिटवीची जमिनीवरची अंडी जातात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. टेकडीवरच्या बहुतेक आगी माणसानंच, चुकून किंवा मुद्दाम, लावलेल्या असतात. उन्हाळ्याआधी वनखात्याला जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायला मदत करणं हे रोपं लावण्याइतकंच मोलाचं काम आहे.

गैरसमज ६ : मोरांना दाणे, कुत्र्यांना बिस्किटं, हे पुण्याचंच काम.

वस्तुस्थिती : दाण्यांनी कबुतरं वाढतात, बिस्किटांनी टेकडीवर कुत्र्यांची टोळी स्थिरावते, आणि तीच मग मोरांच्या व सशांच्या मागं लागते.

गैरसमज ७ : हे तज्ज्ञांचं काम, आपल्याला काय कळणार?

वस्तुस्थिती : पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीनं निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांना परिसरशास्त्र शिकवलं. घरबसल्याही सुरुवात करता येते. सीझनवॉच उपक्रमात एकच झाड निवडून दर आठवड्याला पानं, फुलं, फळं नोंदवायची. ईबर्ड या संकेतस्थळावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकायची. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणनाही होते. या नोंदी पुढं कामी येतात. वेताळ टेकडीवरच्या रस्त्यांच्या वादात भूजल आणि जैवविविधता हे मुद्दे जोरात आले. अशा वेळी ‘टेकडी सुंदर आहे’ या वाक्यापेक्षा वर्षानुवर्षांच्या नोंदींना वजन असतं.

तेव्हा वर्षभराचं काम असं बसवता येईल : जून-जुलैत कमी पण नेमकी लागवड, ऑगस्ट-सप्टेंबरात तणउपटणी, हिवाळ्यात नोंदी आणि जाळरेषा, उन्हाळ्यात लावलेल्या रोपांना पाणी आणि आगीवर नजर. फोटोत हे फारसं दिसणार नाही. पण नव्या गटानं पहिलं वर्ष एकही रोप न लावता नुसतं टेकडी ओळखण्यात घालवलं, तर पुढच्या वर्षांच्या निम्म्या चुका टळतील.