असई, नऊ फूट बाय पाच फूट

सकाळी ७. गॅरेजमधलं टेबलटेनिसचं टेबल उघडतो आणि जाळी काढून ठेवतो. आज या फळीवर असईची लढाई व्हायची आहे. आम्ही राहतो नॉटिंगहॅमला. छोट्या सैनिकांच्या युद्धखेळाच्या मोठ्या कंपन्या याच शहरातल्या, त्यामुळे या नादाची माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. एरवी आम्ही वॉटर्लू नाहीतर ऑस्टरलिट्झ मांडतो. पण वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षं, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, भोकरदनजवळच्या असईला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी लढला होता. तेव्हा तो चौतीस वर्षांचा, नुसता आर्थर वेलस्ली होता. आज मी पंच आहे, म्हणजे दिवसभर राबायचं आणि जिंकायचं मात्र नाही.

८ वाजता. तपकिरी कापड अंथरतो. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, दोन्ही निळ्या फेल्टच्या पट्ट्या. पूर्वेला त्या एकमेकींना मिळतात, तिथे जमिनीची पाचर तयार होते. जुईकाठी असई गाव, पुठ्ठ्याच्या मातकट घरांचं. केळणेकाठी पिंपळगाव आणि त्याच्यासमोर पलीकडच्या तीरावर दुसरं गाव. नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. दोन गावं समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, असं ताडून वेलस्लीने तिथूनच नदी ओलांडली आणि मराठी फौजेच्या बगलेवर आला. ही दोन गावं टेबलावर इंचभर सरकली तरी लढाई बिघडते.

९ वाजता. सैनिक बाहेर काढतो. २८ मिलिमीटर उंचीचे, एका पलटणीला २४. पायांखाली लोहचुंबक आणि डब्यांना पत्र्याचा तळ, म्हणून नेता-आणताना संगिनी मोडत नाहीत. शिंद्यांच्या कंपूसाठी, म्हणजे कवायती पायदळासाठी, निम्म्या प्लॅस्टिकच्या शिपायांची टोपीवाली डोकी कापून पागोट्याची चिकटवली आहेत. हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या.

साडेनऊ. मंडळी येतात. एक निवृत्त गणिताचे मास्तर, रात्रपाळी करून थेट आलेली एक नर्स आणि लेस्टरहून बार्शीचा एक मित्र. चिठ्ठ्या टाकल्या. बार्शीकराला वेलस्ली आला. ‘‘अरे, घरी कळलं तर जेवायला नाही मिळणार!’’ तो म्हणाला, पण फासे आधीच मुठीत होते. नर्सकडे पोलमनचा कंपू आणि तोफा, मास्तरांकडे शिंदे-भोसल्यांचं घोडदळ. हा अँथनी पोलमन हॅनोव्हरचा. पूर्वी कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होता आणि आता तिच्याविरुद्ध कवायती पायदळ चालवत होता.

१० वाजता. नियम ‘ब्लॅक पावडर’चे. आधी हुकूम मोठ्याने सांगायचा, मग दोन फासे टाकायचे. बेरीज सेनापतीच्या अंकाइतकी किंवा कमी आली तर पलटण हलते. बरीच कमी आली तर दोनदा, तीनदाही हलते. चुकली तर त्या सेनापतीचे त्या फेरीतले हुकूम संपले. वेलस्लीला मी ९ दिलाय, पोलमनला ८, घोडदळाला ७. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी अनुक्रमे ३०, २६ आणि २१ जोड्या कामाच्या. मास्तरांनी हिशेब तोंडी करून नाक मुरडलं.

पण माझी खरी गोम अंकांत नाही. टेबलावर सगळं सगळ्यांना दिसतं, हाच या खेळातला सर्वांत मोठा खोटेपणा आहे. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ साली आपला युद्धखेळ छापला, त्यात पंचाला मध्ये बसवलं होतं ते याचसाठी: कुणाला काय कळतं आणि केव्हा, हे तो ठरवायचा. म्हणून आज नर्स आणि मास्तर यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. चिठ्ठी लिहून माझ्याकडे द्यायची, ती एक फेरी उशिरा पोचेल.

१२ वाजता. वेलस्ली उतारावरून पाचरीत शिरला. प्रत्यक्षात पोलमनने तेव्हा सगळी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली, आणि कवायती फौज हे इतक्या चटकन करेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. नर्सनेही ते केलं, पण एक ब्रिगेड मागे राहिली. तिने लिहिलं, ‘डावीकडे घोडे पाठव.’ चिठ्ठी मास्तरांना मिळेपर्यंत असईकडची डावी बाजू भलतीकडे सरकली होती. कुठली डावी, कुणाची डावी, हे विचारायला त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली.

१ वाजता. जेवण. कोरडी सँडविचेस. रंगवलेल्या शिपायाला तेलकट बोट लावायचं नाही, म्हणून आमच्याकडे लढाईच्या दिवशी वडे वर्ज्य.

२ ते ४. तोफा. शिंद्यांकडे शंभरच्या आसपास तोफा होत्या, वेलस्लीकडे वीसही नव्हत्या. गोलंदाज तोफांपाशी ठाम राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच्या पाठीवर मारा करू लागले. त्यासाठी मी नियम केलाय: काबीज केलेल्या प्रत्येक तोफखान्यासाठी फासा टाकायचा, ५ किंवा ६ आला तर तोफा जिवंत. दोनदा आल्या. बार्शीकराने कपाळ बडवून हायलँडर पलटण परत फिरवली, प्रत्यक्षातही वेलस्लीला मागे वळावंच लागलं होतं. मास्तरांचं घोडदळ तेवढ्या वेळात दोन वेळा फासे चुकलं आणि एकदा चिठ्ठीची वाट बघत उभं राहिलं.

५ वाजता. मैदान वेलस्लीकडे, पण पाठलाग करायला त्याच्याकडे दमाचे शिपाई उरले नाहीत. त्या दिवशीही त्याच्या साडेचार हजारांच्या आसपासच्या कवायती फौजेतले दीड हजारांवर मृत किंवा जखमी झाले होते.

साडेपाच. आवराआवर आणि भांडण एकदमच. नर्स म्हणते, घोडे आले असते तर मी जिंकले होते. मास्तर म्हणतात, स्पष्ट हुकूम आला असता तर घोडे आले असते. दोघांचंही खरं आहे. हजारो स्वार हाताशी असून ते त्या दिवशी जवळजवळ लढलेच नाहीत, हे पुस्तकात वाचताना भेकडपणा वाटतो. टेबलाभोवती बसलं की कळतं, एका फौजेत दोन मालक आणि तिसराच सेनापती असला, की शूर माणसंही उभीच राहतात. त्यासाठी मला घोडदळाचा अंक कमी करायची गरजच नव्हती. पुढच्या वेळी त्यालाही ८ देणार आहे, आणि त्याचा सेनापती स्वयंपाकघरात बसेल, जिथून टेबल दिसतच नाही. मास्तर तयार आहेत. किटली तिथेच असते, एवढं त्यांनी आधी विचारून घेतलं.