जैमिनीचे चार प्रश्न

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा आपली दक्षिणेची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वळते, आणि नदी उत्तरवाहिनी झाली म्हणजे तो तीर पुण्यक्षेत्र मानावयाचा या आपल्या जुन्या संकेताला अनुसरून त्या वळणावर देवळांचा जो समूह शतकांपूर्वी उभा राहिला, त्याचे कोरीव पाषाण आजही महाशिवरात्रीच्या यात्रेत सहस्रावधी यात्रेकरूंच्या दृष्टीस पडतात. येथील मुख्य देवालय मार्कंडेय ऋषींच्या नावाचे आहे. यमाचा पाश गळ्याशी आला असता शिवलिंगाला मिठी मारून मृत्यूला परतवणारा बालक म्हणून हा ऋषी सर्वांना परिचित आहे. परंतु त्याच्या नावाने जे पुराण प्रसिद्ध आहे त्याचा आरंभ कसा होतो हे फार थोड्यांच्या लक्षात असते, आणि चार माणसांनी मिळून ग्रंथ वाचण्यातल्या सुखाविषयी लिहावयाचे तर त्या आरंभाइतकी जवळची दुसरी कथा मला आठवत नाही.

व्यासांचा शिष्य जैमिनी मार्कंडेयांकडे येतो तो महाभारताविषयीच्या चार शंका घेऊन. निर्गुण वासुदेव मनुष्यरूपात का आला? द्रौपदी पाच भावांची पत्नी कशी झाली? बलरामाने ब्रह्महत्येचे पाप तीर्थयात्रेने का फेडले? आणि पांडव पाठीशी असताना द्रौपदीचे पाच अविवाहित पुत्र अनाथासारखे का मारले गेले? मार्कंडेय म्हणतात, माझी अनुष्ठानाची वेळ झाली आहे, तू विंध्य पर्वतात जा. तेथे चार पक्षी आहेत, ते तुझे समाधान करतील. हे पक्षी साधे नव्हेत. कुरुक्षेत्रावर युद्ध चालू असताना त्यांच्या आईला बाण लागला, अंडी रणभूमीवर पडली, आणि त्याच क्षणी एका हत्तीच्या गळ्यातील घंटा तुटून नेमकी त्यांच्यावर पडल्यामुळे त्या संहारात ती सुरक्षित राहिली. युद्ध संपल्यावर शमीक ऋषींनी घंटा उचलून पिले आश्रमात नेली व वाढवली. ज्या युद्धाची कथा जैमिनी वाचत होता, त्या युद्धाच्या मध्यभागी हे पक्षी जन्मले होते.

प्रत्यक्ष ग्रंथकाराच्या पायाशी बसून शिकलेल्या शिष्यालासुद्धा तो ग्रंथ एकट्याने पुरा होत नाही, त्याला आपल्या शंका घेऊन दुसऱ्याच्या दारी जावे लागते, आणि ज्याच्या दारी जावयाचे तो पंडितच असला पाहिजे असे नाही, रणभूमीवर घंटेखाली वाचलेला पक्षीही चालतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी पुराणाच्या अगदी उंबरठ्यावर मांडून ठेवली आहे. एकट्याने वाचण्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. माझ्या आयुष्यातील उत्तम घटकांपैकी कित्येक मी तशाच घालवल्या आहेत. पण वाचन ही मुळात एकट्याने करावयाची गोष्ट आहे ही आपली आजची समजूत अलीकडची आहे, आणि तिच्यापायी आपण एका मोठ्या सुखाला पारखे झालो आहोत असे मला मनापासून वाटते.

माझ्या लहानपणी धानाची रोवणी आटोपली आणि श्रावण लागला की आमच्या छपरीत संध्याकाळी पोथी लागे. पाटावर लाल फडक्यात पोथी, शेजारी कंदील, आणि समोर दिवसभर चिखलात वाकून पाठ धरलेल्या बाया व माणसे. आजोबा वाचीत, एक वृद्ध गृहस्थ अर्थ सांगत, आणि बाकीचे हुंकार देत. आमच्या झाडीपट्टीत हा हुंकार 'हव जी' असा असतो. तो केवळ शिष्टाचाराचा नसे. 'हव जी' वेळेवर आले नाही म्हणजे श्रोत्यांना ती ओवी उमगली नाही, असे समजून आजोबा ती पुन्हा वाचीत. म्हणजे वाचनाची गती वाचणाऱ्याच्या हाती नसून ऐकणाऱ्यांच्या हाती असे.

एका संध्याकाळी हरिश्चंद्राचे आख्यान चालले होते, जे याच मार्कंडेय पुराणात त्या पक्ष्यांच्या तोंडी आले आहे. दक्षिणेचे ऋण फेडण्यासाठी राजा राणीला विकतो, येथवर कथा आली आणि मागच्या रांगेतील एक म्हातारी, जिला अक्षरओळख नव्हती, मध्येच म्हणाली, "राजानं सत्य राखलं हे खरं जी, पण राणीले इकाच्या आधी तिले इचारलं का?" क्षणभर सगळे गप्प झाले. आजोबांनी पाने मागे उलटली, बोट ठेवून ओळी शोधल्या, आणि सांगितले की मला विकून ऋण फेडा असे राणी स्वतःच म्हणते व ते ऐकून राजाला मूर्च्छा येते. म्हातारीने ते मान्य केले, पण तिचे समाधान झाले नाही. "तिनं म्हटलं असंन, पण त्यानं आइकलं कसं?" पुढचा अध्याय त्या रात्री झाला नाही. कंदिलातील तेल संपेपर्यंत लोक बोलत राहिले, आणि मला आठवते, घरी जाताना बाया वाटेतही तेच बोलत होत्या. ते आख्यान मी त्यानंतर अनेकदा वाचले आहे. त्या प्रश्नावाचून ते मला आता वाचताच येत नाही.

ही पद्धत मागे कशी पडली याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. छापखाने आले, पुस्तके स्वस्त झाली, शाळांनी मनातल्या मनात वाचावयास शिकवले, आणि १८२८ साली रत्नागिरीत वाचनालय निघाले तेव्हापासून १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमापर्यंत व त्यापुढेही ग्रंथालयांचे जाळे गावोगाव पसरत गेले. हा लाभ फार मोठा आहे. परंतु ग्रंथालयाच्या दप्तरात पुस्तक कोणी नेले, केव्हा परत केले, किती मुदत उलटली याची नोंद असते. ते वाचून कोणाला काय वाटले याची नोंद ठेवण्याचा रकाना त्यात नसतो. आज तालुक्याच्या गावी वाचनालयात गेले तर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी अभ्यासिका भरलेली दिसते, आणि एकाच पुस्तकावर मान घालून शेजारी शेजारी बसलेली ती मुले महिनेच्या महिने एकमेकांशी त्याविषयी बोलत नाहीत, हे पाहून मला हळहळ वाटते.

मराठी गद्याचा तर जन्मच या बोलण्यात झाला आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी शके १२००च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले, तेव्हा ज्या ज्या व्यक्तीने स्वामींना पाहिले-ऐकले होते तिच्याकडे जाऊन, विचारून, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी रुजवात घालून त्यांनी ते लिहिले. ऋद्धिपुरी नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात हे काम चालले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांनी ती वारंवार वाचली व ऐकली होती त्यांनी स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणून तिचे निरनिराळे पाठ आढळतात, असे महानुभाव परंपरा सांगते. पोथी एकाच्याच पेटीत असती तर ती पेटीबरोबर गेली असती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या या मुलखात सामुदायिक वाचनाचा धागा पुरता तुटला नाही याचे श्रेय तुकडोजी महाराजांनाही आहे. चिमूरजवळच्या रामदिघीच्या अरण्यात ज्यांनी तारुण्यात साधना केली त्या राष्ट्रसंतांची एकेचाळीस अध्यायांची 'ग्रामगीता' १९५५ साली प्रसिद्ध झाली, आणि ती गावाने एकत्र बसून वाचावी यासाठीच रचलेली असल्यामुळे आजही खेड्यांतून तशीच वाचली जाते.

परंतु मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाविषयी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे हे गाव देशभर गाजले. पण त्या घोषणेच्या मुळाशी असलेल्या अभ्यासगटाची कीर्ती तितकी झालेली नाही. १९८०च्या दशकात धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, त्यानंतर गावचे देवाजी तोफा आणि इतर गावकरी यांच्यासमवेत चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल बसू लागले, आणि त्या बैठकीला अभ्यासगट हे नाव पडले. त्याची रीत साधी आहे. ज्याला यावयाचे त्याने यावे, बाहेरच्या जाणत्यालाही बोलवावे, हवा तो विषय घ्यावा, आणि निर्णय मात्र तेथे घेऊ नये. निर्णय ग्रामसभेचा, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. अभ्यासगटात निर्णय न घेण्याच्या या एका नियमात फार मोठे शहाणपण आहे असे मी मानतो, कारण जेथे शेवटी हात वर करावयाचा असतो तेथे माणूस आपली बाजू सांभाळतो, आणि जेथे तसे काही नसते तेथे तो मोकळेपणाने म्हणू शकतो की मला हे कळले नाही.

अशा बैठकांतून त्यांनी मधमाश्यांना न मारता मध कसा काढावा याचा विचार केला, रानातून घरच्या गरजेपुरते घेण्याचे, जमीनदारीच्या काळापासून चालत आलेले निस्तार हक्क कसे होते व कसे गेले हे समजून घेतले, आणि वनहक्कांचा कायदा झाल्यावर त्याचा मजकूर समजावून घेतला. सरकारी मराठीतला कायदा एकट्याने वाचणे हे शिकलेल्यालाही जड जाते. तो गोंडीत सांगून, आपल्या रानावर ताडून पाहून वाचला गेला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काची सनद गावाला मिळाली, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात ही हकिगत विस्ताराने लिहिली आहे. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ऑल्सन यांनी मद्यपाननिषेधाच्या चळवळीत अभ्यासमंडळे सुरू केली तेव्हा गुरूवाचून, पुस्तके आपसांत फिरवून बोलत बसण्याची तीच रीत त्यांनी घालून दिली होती. मेंढ्याला ती स्वीडनहून आणावी लागली नाही. गावात बसून बोलण्याची सवय गोंडांच्या गोटुल या युवागृहाइतकी जुनी होती.

यापासून धडा घेऊन आम्ही काही जण गेल्या वर्षापासून पंधरवड्याला एकदा बसू लागलो आहोत. एक निवृत्त शिक्षक, अभ्यासिकेतून मुद्दाम उठवून आणलेली दोन मुले, एक शिवणकाम करणाऱ्या बाई, एक शेतकरी दांपत्य आणि मी. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' आम्ही घेतले आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे बारा महिन्यांचे पुस्तक मी महाविद्यालयात असताना एका रात्रीत वाचून संपवले होते आणि ते मला समजले असे तेव्हा वाटले होते. आता एक महिना दोन-दोन बैठका चालतो. चैत्राचे प्रकरण मोठ्याने वाचून झाले तेव्हा त्या शेतकरी बाई, ज्या तोपर्यंत केवळ 'हव जी' म्हणत होत्या, मोहाविषयी बोलू लागल्या: फूल रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागते, म्हणून झुंजूमुंजू होण्याआधी टोपली घेऊन झाडाखाली जावे लागते, अंधारात फुले दिसत नाहीत पण पडताना ऐकू येतात, आणि त्यांच्या सासूने त्यांना पहिल्या वर्षी झाडाखाली नुसते बसवून ठेवले होते, ऐकण्यासाठी. शिक्षकांनी पुस्तक मिटले, तळहातावर टिचकी मारून विचारले, "असा आवाज?" त्या म्हणाल्या, "नाही जी, याच्याहून हळू."

शहरातल्या विदुषीने डोळे भरून पाहिलेला चैत्र आणि रानातल्या बाईने अंधारात ऐकलेला चैत्र त्या संध्याकाळी एका सतरंजीवर शेजारी शेजारी बसले होते, आणि पुस्तकातली वाक्ये मला पूर्वी कधी लागली नव्हती इतकी जवळची लागली. परीक्षेच्या मुलांपैकी एकाने मोहाच्या झाडाखाली एकदा पहाटे जाऊन यावयाचे ठरवले. तो गेला, आणि पुढच्या बैठकीत कितीतरी वेळ तोच बोलला.

वैशाखाला आम्ही पोहोचलो तोच तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. आमच्यातले दोघे पहाटेच रानात जातात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलनाच्या फळीवर नेऊन मोजून देतात, तेव्हा बैठक थांबली आहे. पुस्तक शिवणकामाच्या बाईंकडे आहे. वैशाखाच्या पहिल्या पानावर त्यांनी निळ्या दोऱ्याची खूण घातली आहे. रोवणी आटोपली की तेथूनच लावावयाचे ठरले आहे.