पडद्यावरचा भाव

तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली, तेव्हा शेअर घेणं आपल्याला सहज जमेल, असा आमचा एक गैरसमज होता. निवृत्तीनंतर ऑनलाइन डिमॅट खातं उघडलं. पॅन, आधार, बँकेचा तपशील, कॅमेऱ्यासमोर मान वळवून काढलेला फोटो, सगळं पार पडलं. (फोटोतला माणूस आम्हीच आहोत हे यंत्राला तिसऱ्या खेपेस पटलं. तादात्म्याच्या नियमावर इतकी वर्षं व्याख्यानं दिली आम्ही. असो.)

आता पहिली खरेदी ऐका. एका लहान कंपनीचा भाव पडद्यावर दिसत होता ८४ रुपये. शंभर शेअर, म्हणजे ८,४०० रुपये. ‘मार्केट ऑर्डर’ हा पर्याय आधीच निवडलेला होता, आम्ही बटण दाबलं. खात्यातून गेले ८,७१० रुपये, वर कर आणि शुल्क वेगळं. कुठल्याही सरळ माणसाच्या मनात येईल तेच आमच्या मनात आलं: फसवलं! ब्रोकरकडे फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, ऑर्डर व्यवस्थित पूर्ण झालीय.” आणि ती खरोखरच व्यवस्थित झाली होती.

इथं जरा थांबू या. ते ८४ रुपये कशाची किंमत होती? शेवटच्या सौद्याची. दोन अनोळखी माणसांमध्ये तो होऊन गेलेला होता. म्हणजे तो भूतकाळ होता, आणि आम्ही तो दुकानातल्या पाटीसारखा वाचला. त्या क्षणी ८४ ला विकायला तयार असलेले शेअर होते फक्त २०. पुढचे ३० होते ८६ ला आणि उरलेले ५० थेट ८९ ला. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाला द्या’. आम्ही तसंच सांगितलं होतं, आम्हाला ते ठाऊक नव्हतं एवढंच.

लासलगावच्या लिलावात कांदा घेऊन आलेला शेतकरी ही चूक करणार नाही. काल अमुक दर निघाला म्हणून आज आपल्या ट्रॉलीला तोच मिळेल असं तो धरून चालत नाही. बोली त्याच्या कानांनी ऐकतो. मुंबईच्या शेअर बाजारातही पूर्वी रिंगणात उभे राहून दलाल ओरडत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचे सौदे सुरू केले, १९९५ मध्ये मुंबई बाजारही त्याच वाटेनं गेला. त्यामुळेच आपण घरबसल्या आत शिरू शकलो, हे विसरून चालणार नाही. पण लिलाव डोळ्यांआड गेला आणि समोर उरलं दुकान: वस्तू, किंमत, बटण.

मग आम्ही शहाणे झालो, आपला भाव ठरवून ‘लिमिट ऑर्डर’ देऊ लागलो. आता तक्रार नवी! आमचाच भाव पडद्यावर झळकून गेला, शेअर मात्र नाही. कारण त्याच भावाला आमच्याआधी नोंद केलेले लोक रांगेत पुढे होते. कधी वरचं सर्किट लागतं, विकणाराच उरत नाही. साडेतीनला बाजार बंद, दिवसाची ऑर्डर रद्द.

शिवाय ‘घेतला’ हे एकच क्रियापद आपण तीन घटनांना वापरतो. ऑर्डर दिली, सौदा जुळला, आणि शेअर डिमॅटमध्ये आला. तिसरी घटना आता पुढच्या कामकाजाच्या दिवशी घडते. मधल्या वेळात ‘माझे शेअर कुठायत?’ म्हणून जीव वरखाली होतो.

आणि खरा धोका या चिडीतच असतो, बरं का. ते जास्तीचे ३१० रुपये वसूल करायला आम्ही फ्युचर्स-ऑप्शन्सच्या पानापर्यंत पोचलो होतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ मध्ये तिथल्या दर दहा वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी साधारण नऊ जण तोट्यात होते. हा आकडा वेळेवर वाचनात आला म्हणून वाचलो. तर्कशास्त्रानं वाचवलं असं म्हणवत नाही.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: शेअर माझे, तर विकताना पिन आणि ओटीपी कशाला? माझे आहेत म्हणूनच. ते डिपॉझिटरीत आपल्या नावावर असतात, ब्रोकरच्या नव्हे. तेव्हा ते हलवायचे तर आपली परवानगी त्याला घ्यावीच लागते.